खोट्या दागिन्यांचे खरे वय

मराठी घरातल्या दागिन्यांच्या डब्यात सोन्यामोत्यांच्या शेजारी आणखी एक प्रकार नेहमीच नांदत आला असून, त्याला प्रत्येक पिढीने आपापले नाव दिलेले आहे. पणजीच्या तोंडी तो ‘मुलाम्याचा’ होता, आजीच्या काळात ‘रोल्डगोल्डचा’ झाला, पुढे ‘बेन्टेक्सचा’ आणि आता ‘एक ग्रॅमचा’. या सगळ्यांना एकत्र बांधणारा, पण त्यांच्यावर काहीसा अन्याय करणारा शब्द म्हणजे ‘खोटे दागिने’. ही नावे नुसती बोलीतली वळणे नाहीत, कारण प्रत्येक नावामागे पितळेवर किंवा तांब्यावर सोने चढवण्याची एक वेगळी रीत आणि म्हणून एक वेगळा काळ उभा आहे. ‘एक ग्रॅम’ या शब्दाचेच पाहिले, तरी तोळा, मासा आणि गुंज यांच्या जगात, म्हणजे १२ माशांचा तोळा आणि ८ गुंजांचा मासा असा हिशेब सराफकट्ट्यावर चालू असताना, असे नाव जन्मालाच येऊ शकले नसते. ते १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आलेल्या मेट्रिक मापांचे अपत्य आहे, आणि अशा दागिन्यात मोजून एक ग्रॅम सोने असतेच असेही नाही.

खोट्या दागिन्याचा अभ्यास करण्याचे मुख्य कारण मात्र नावांपेक्षा खोल आहे. सोन्याचा दागिना मोडता येतो, आणि दागिन्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने हेच त्याचे दुर्दैव ठरते. लग्नकार्य निघाले, शेतीचा हंगाम बुडाला, सुनेला नव्या पद्धतीचे काही हवेसे वाटले, की जुना दागिना सराफाकडे जातो, त्याची मोड होते, म्हणजे केवळ धातूच्या वजनाची किंमत हाती येते, आणि वर घडणावळ देऊन त्याच सोन्याचा नवा दागिना बनतो. अशा रीतीने एकाच सोन्याने चार पिढ्यांत चार रूपे घेतलेली असतात आणि हाती उरते ते फक्त शेवटचे. खोट्या दागिन्याला मोड नसते. तो वितळवून काही मिळत नाही, म्हणून तो वितळवला जात नाही, आणि ज्या वर्षी तो घडला त्या वर्षाचा घाट, त्या वर्षाचा जोड, त्या वर्षाची दोरी अंगावर घेऊन तो डब्याच्या तळाशी पडून राहतो. ज्या घरातली अस्सल वज्रटीक केव्हाच मोडीत गेली, त्या घरात तिच्या नमुन्यावरून बनवलेली पितळी वज्रटीक शिल्लक असू शकते, आणि मग अस्सल वज्रटीक कशी होती याचा साक्षीदार ती खोटीच असते.

या साक्षीदाराला बोलते करण्याची रीत युरोप-अमेरिकेत रूढ असलेल्या रीतीहून थोडी निराळी असावी लागते. तिकडच्या संग्राहकांना दागिन्याच्या दर्शनी रूपावरून दशक ओळखता येते, कारण तिकडच्या फॅशनने दर पंधरा-वीस वर्षांनी आधीचे सगळे टाकून दिले: वेलीसारखी वळणे घेणाऱ्या रेषा विसाव्या शतकाच्या आरंभाच्या, कोनांनी आणि सरळ पट्ट्यांनी बनलेली भौमितिक रचना १९२० ते १९४० च्या दरम्यानची, असे ढोबळ ठोकताळे तिथे उपयोगी पडतात. मराठी दागिन्यांत घाट टिकून राहतो. ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, मोहनमाळ, तन्मणी, कुडी, बुगडी यांची बाह्यरूपे पिढ्यान्‌पिढ्या इतकी स्थिर आहेत, आणि ती विस्मरणात जाऊन पुन्हा बाजारात येण्याचे फेरे इतके झालेले आहेत, की केवळ समोरून पाहून शंभर वर्षांपूर्वीची चिंचपेटी आणि गेल्या वर्षी पुण्याच्या तुळशीबागेत घेतलेली चिंचपेटी यांत गल्लत होऊ शकते. समोरची बाजू परंपरा सांगते. काळ सांगते ती मागची बाजू. म्हणून मराठी दागिन्याचे वय ठरवणाऱ्याने पहिली गोष्ट करावी ती ही, की दागिना पालथा घालावा.

दुसरे तत्त्व पुरातत्त्वातून उसने घेतलेले आहे: एखाद्या थरात सापडलेली सर्वांत नवी वस्तू त्या थराची पूर्वमर्यादा ठरवते, म्हणजे थर तिच्याहून जुना असू शकत नाही, त्याप्रमाणे दागिन्याचे आजचे रूप त्यातल्या सर्वांत जुन्या भागाइतके नव्हे, तर सर्वांत नव्या भागाइतके जुने धरावे. मात्र इथे एक सावधगिरी लागते. दोरी तुटते, फासा झिजतो, फिरकी हरवते, आणि हे भाग नव्याने बसवले जातात. तेव्हा एकट्या फाशावरून संपूर्ण हाराचे वय ठरवणे चुकीचे होते, आणि पाने, मणी, जोड, ओवण व झिलई यांची साक्ष एकमेकींशी जुळते का, हे पाहावे लागते. जिथे चार खुणा एका काळाकडे बोट दाखवतात आणि पाचवी दुसरीकडे, तिथे पाचवी बहुधा दुरुस्तीची असते.

कानातल्या दागिन्यांत सर्वाधिक बोलकी असते फिरकी. जुन्या कुडीच्या दांडीवर आटे, म्हणजे मळसूत्राच्या खाचा, कारागिराने हाताने पाडलेले असत. त्यामुळे त्यांची खोली सारखी नसते, आणि एका कुडीची फिरकी तिच्याच जोडीच्या दुसऱ्या कुडीला नीट बसत नाही, म्हणून ‘उजवी-डावी’ जपून ठेवावी लागे. यंत्रावर पाडलेले आटे एकसारखे, बारीक आणि दाट असतात व कोणतीही फिरकी कोणत्याही दांडीवर चढते. त्याही पुढचा टप्पा आटेच नसलेल्या, नुसत्या दाबून बसवायच्या फिरकीचा, आणि अगदी अलीकडचा पारदर्शक रबरी बोंडाचा. नाक-कान न टोचणाऱ्यांसाठी आलेली चापाची नथ आणि चापाची बुगडी या तर समाजबदलाच्याच खुणा आहेत, कारण चाप असलेली बुगडी मुळातच अशा स्त्रीसाठी घडलेली असते जिने कानाच्या वरच्या पाळीला भोक पाडून घेतलेले नाही, आणि अशा स्त्रिया बहुसंख्य झाल्यावरच तिचा बाजार उभा राहतो.

गळ्यातल्या दागिन्यांत तीच भूमिका दोरीकडे जाते. पूर्वी हार ओवण्याचे, गाठवण्याचे काम पटवेकऱ्यांचे असे. रेशमी किंवा सुती दोऱ्यावर मणी घट्ट बसवून मानेमागे तो दोरा सरकत्या गाठीने आणि गोंड्याने संपवण्याची त्यांची कला होती, आणि तशा गाठवणीत दोऱ्याचा रंग मण्यांच्या भोकांतून डोकावतो व घामाने काळवंडलेला असतो. ज्याला मराठीत तंगूस म्हणतात तो नायलॉनचा पारदर्शक तंतू मात्र एक ठाम सीमारेषा आखून देतो, कारण नायलॉन अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने १९३८ मध्ये जाहीर केले; तंगुसावर ओवलेली पोत त्याआधीची असूच शकत नाही. ठुशीत आणखी एक गोष्ट बघावी. तिचे बारीक मणी बोटाने हलवले असता सुटे सुटे हलत असतील, तर ती गुंफलेली आहे. सगळे मणी एकाच ओतीव पट्टीचे उंचवटे असतील आणि पाठीमागे खोलगट पत्रा दिसत असेल, तर ती साच्यातून निघालेली आहे. अशा ओतीव तुकड्यांच्या कडेला साच्याच्या दोन भागांची बारीक शिवण दिसते, ती भिंगाखाली ओळखता येते.

खडे हा भाग जगाच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. शिशाचे प्रमाण अधिक असलेल्या चमकदार काचेचे खडे हिऱ्याऐवजी वापरण्याची कला पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्त्रास याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय केली. पुढे डॅनिएल स्वारोव्स्की याने १८९२ मध्ये काच कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९५ मध्ये ऑस्ट्रियातील वॅटन्स येथे कारखाना काढला, त्यानंतर अचूक पैलूंचे काचेचे खडे विपुल झाले. हाताने घासलेल्या खड्यांचे पैलू लहानमोठे असतात व त्यांच्या कडा किंचित बोथट असतात, यंत्राने कापलेल्यांचे पैलू एका बिंदूत मिळतात. खड्याच्या पृष्ठावर इंद्रधनुषी झाक दिसत असेल, तर तो लेप १९५६ च्या सुमारास स्वारोव्स्कीनेच बाजारात आणलेला असल्यामुळे दागिना त्यानंतरचा धरावा लागतो. लाल खड्यांच्या बाबतीत १९०२ हे साल महत्त्वाचे आहे, कारण त्या वर्षी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट व्हेर्नय याने ज्वालेत कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली, आणि भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेषांसारख्या वक्र रेषा दिसणारे माणिक याच पद्धतीचे असते. मराठी बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जाणारा खडा नावाप्रमाणे अमेरिकेचाही नाही आणि हिराही नाही. ते झिर्कोनियमच्या ऑक्साइडचे स्फटिक असून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ते बनवण्याची रीत बसवल्यावर १९७६ पासून त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ‘पेशवाईतली नथ’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या नथीत असा खडा मूळच्या घरात, म्हणजे खड्यासाठी केलेल्या खोबणीत, घट्ट बसलेला आढळला, तर वाद तिथेच संपतो.

मोत्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. बसऱ्याचे मोती म्हणजे इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती, ज्यांच्या व्यापाराचे आणि भोके पाडण्याचे मोठे केंद्र मुंबई होते. जपानच्या कोकिची मिकिमोतो याने १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवल्यानंतर आणि पुढे १९२० च्या दशकात गोल कल्चर मोती जगभर विकले जाऊ लागल्यानंतर त्या व्यापाराला उतरती कळा लागली. खोट्या दागिन्यांतील मोती याहून निराळे. त्यांतले जुने काचेचे, आतून पोकळ आणि मेणाने भरलेले, किंवा बाहेरून माशांच्या खवल्यांच्या अर्काचा लेप दिलेले असत, आणि नंतरचे प्लास्टिकचे आले. भोकाच्या कडेला पाहिले असता लेप सालीसारखा सुटलेला दिसतो, आतली काच थंड आणि जड लागते, प्लास्टिक कोमट आणि हलके लागते. दातावर हलके घासून पाहण्याची बायकांची परीक्षा, ज्यात अस्सल मोती किंचित खरखरीत आणि नकली गुळगुळीत लागतो, शास्त्रालाही मान्य आहे, मात्र ती नैसर्गिक आणि कल्चर यांत भेद करू शकत नाही.

धातूवरचे सोने कसे चढवले, हे झीज कुठे झाली आहे यावरून कळते. सर्वांत जुना प्रकार पाऱ्याच्या मुलाम्याचा: सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप धातूवर द्यायचा आणि तापवून पारा उडवून लावायचा, ज्यामुळे सोन्याचा थर जाड, किंचित मऊ तेजाचा आणि खोलगट भागांत साचलेला दिसतो. या कामात पाऱ्याची विषारी वाफ कारागिराच्या छातीत जाई, हे त्या तेजाकडे पाहताना विसरता येत नाही. इंग्लंडमधील एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि पातळ, सर्वत्र सारखा थर देणे शक्य झाले. ‘सोन्याचे पाणी’ हा मराठी शब्दप्रयोग या पातळपणाचे नेमके वर्णन करतो. रोल्डगोल्डमध्ये सोन्याचा पत्रा हलक्या धातूवर तापवून, दाबून, लाटून एकजीव करतात, म्हणून तो कडांना झिजतो आणि तिथे दोन थर स्पष्ट दिसतात. पाणी दिलेला दागिना उंचवट्यांवर, म्हणजे जिथे कातडी आणि कापड घासते तिथे, उघडा पडतो, आणि मग आतले पितळ कळकते. न कल्हई केलेल्या भांड्यात ताक ठेवल्यावर ज्याची हिरवट चव येते, तोच कळंक मानेवर हिरवी रेघ उमटवतो. ज्याला ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात त्यात चांदीचा अंशही नसून ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते, हे सांगून पुढे जाता येईल.

या सर्व खुणांपेक्षा अधिक रंजक आणि मराठी मनाच्या घडणीविषयी अधिक सांगणारी खूण मात्र पुतळीमाळेत आहे. पुतळी हे मुळात नाणे होते, आणि तेही परदेशी: व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ पासून पाडलेले, सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे डुकाट. त्याच्या एका बाजूस संत मार्क उभा असून तो गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या हाती निशाण देतो आहे, आणि दुसऱ्या बाजूस लांबट वर्तुळात ताऱ्यांनी वेढलेला येशू आहे. समुद्रमार्गाने हे नाणे पश्चिम किनाऱ्यावर आले, त्याच्या शुद्धतेमुळे विश्वासाचे झाले, आणि त्यावरच्या मानवी आकृत्यांमुळे इथल्या लोकांनी त्याला ‘पुतळी’ म्हटले. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनपुढे संपले, पण पुतळ्यांची मागणी संपली नाही. इथल्या सोनारांनी ठशांवर नक्कल करून त्या माळांसाठी घडवल्या. नक्कल करणाऱ्याला लॅटिन अक्षरे वाचता येत नव्हती, म्हणून नकलेच्या नकलेत अक्षरांच्या उभ्याआडव्या काड्या झाल्या, संताचा झगा उभ्या रेघांचा जुडगा बनला, आणि निशाणाची काठी दोन आकृत्यांमधल्या खांबासारखी उरली. त्यानंतर कधीतरी त्या दोन आकृत्यांकडे पाहणाऱ्या डोळ्यांना त्या राम आणि सीता वाटल्या असाव्यात, किंवा घडवणाऱ्याने ओळख न पटणाऱ्या परक्या आकृत्यांच्या जागी ओळखीचे दैवत ठेवले असावे; आजच्या बहुतेक पुतळ्यांवर लक्ष्मी किंवा रामसीता असते. म्हणून पितळेच्या पुतळीमाळेतही ही साखळी वाचता येते: काड्यांची अक्षरे आणि उभा संत असलेला ठसा हा जुन्या घराण्यातला, आणि कॅलेंडरवरच्या चित्रासारखी कमळावरची लक्ष्मी असलेला ठसा नंतरच्या घराण्यातला. ठसे जुने झाले तरी वापरात राहतात, त्यामुळे यावरून साल काढता येत नाही, पण क्रम लावता येतो. एका ख्रिस्ती संताने मराठी स्त्रीच्या गळ्यात शतकानुशतके राहावे आणि अखेर रामाला जागा करून द्यावी, ही गोष्ट कोणत्याही बखरीत लिहिलेली नाही. ती या माळांवरच लिहिलेली आहे.

खरी नाणी जडवलेल्या माळांत तारीख आयतीच मिळते. कंपनी सरकारचा एकसारखा रुपया १८३५ चा, व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘एम्प्रेस’ हा किताब १८७७ पासूनचा, आणि रुपयातील चांदी घटवून निम्म्यावर आणली गेली ती १९४० मध्ये. मात्र राणीछाप रुपया तिच्यानंतर पन्नास वर्षांनीही माळेत बसवता येतो, तेव्हा नाणे माळेची फक्त पूर्वमर्यादा सांगते.

खोट्या दागिन्यांच्या इतिहासात महाराष्ट्रापुरते, किंबहुना भारतापुरते, सर्वांत निर्णायक वर्ष १९६३ हे मानले पाहिजे. चीनबरोबरच्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली. शुद्ध सोने २४ कॅरटचे मानतात, तेव्हा १४ कॅरट म्हणजे सुमारे ५८ टक्के सोने आणि बाकी तांबे-चांदी. असे सोने कडक होते, रंगाने उतरते, आणि ज्या घराण्याने बावीस कॅरटचे मऊ सोने हाताखाली घेऊन घडवण्याची कला शिकलेली असते त्याच्या हाताला ते दाद देत नाही. देशभर सोनारांच्या चुली विझल्या, काहींनी आत्महत्या केल्या, आणि या वेदनेची पुरेशी नोंद दागिन्यांवरच्या देखण्या पुस्तकांत क्वचितच आढळते. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. ज्या काळात नवे पिवळेधमक सोने कायद्याने मिळत नव्हते, त्या काळात पिवळेधमक दिसणाऱ्या पितळेला मान मिळाला नसता तरच नवल होते. बावीस कॅरटच्या रंगाची सवय झालेल्या डोळ्यांना फिकट अस्सलापेक्षा तेजस्वी नक्कल जवळची वाटणे साहजिक आहे. ‘१४’ अशी छाप असलेला आणि देशी घाटाचा दागिना हाती आला, तर तो या चार वर्षांतला असण्याची शक्यता आधी तपासावी. भारतीय मानक ब्यूरोची सोन्यावरील हॉलमार्कची छाप २००० पासूनची आहे आणि ती सक्तीची झाली जून २०२१ मध्ये. या छापेचा अभाव जुनेपणाही दाखवतो आणि खोटेपणाही, म्हणून एकट्या अभावावर विसंबू नये.

अलीकडच्या काळात दागिन्याला तारीख देण्याचे काम दूरचित्रवाणी करते. झी मराठीवरील ‘होणार सून मी ह्या घरची’ या २०१३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील नायिकेच्या नावाने ‘जान्हवीचे मंगळसूत्र’ घरोघर पोचले, आणि तीन पदरांचा तो घाट ज्या छायाचित्रात दिसतो ते छायाचित्र बहुधा २०१३ नंतरचेच असते. परदेशस्थ नातेवाइकांनी आणलेल्या ब्रोचांवर वर्तुळातल्या ‘सी’ची, म्हणजे कॉपीराइटची, खूण असेल, तर अमेरिकेत ट्रायफारी कंपनीने १९५५ मध्ये जिंकलेल्या दाव्यानंतर ही खूण खोट्या दागिन्यांवर रूढ झाली, हे ध्यानात ठेवावे. डबीसुद्धा फेकू नये: झाकणाच्या आतील पत्त्यात पिन कोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, इंग्रजी छपाईत ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९९५ पूर्वीची, आणि किमतीच्या चिठ्ठीवर ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतली.

ही सर्व पद्धत प्रत्यक्षात कुठे वापरायची, या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या पश्चिमेकडील महाळुंग्यासारख्या गावांत आहे. मुळशी तालुक्यातील, मुळा नदीकाठचे हे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी त्याच्या आणि बालेवाडीच्या शिवेवर शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांत त्याचा समावेश झाला. अशा गावांत घरे पाडून इमारती उठतात तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, सोने वेगळे काढले जाते, आणि उरलेला ‘खोटा माल’ भंगारात जातो किंवा मुलांना खेळायला मिळतो. नेमका तेव्हाच तो वाचवण्याची गरज असते, आणि त्यातही एक संच सर्वांआधी पाहावा: ज्येष्ठा गौरींचा. भाद्रपदात गौरींचे आवाहन, पूजन आणि विसर्जन मिळून तीन दिवस हे दागिने बाहेर येतात आणि उरलेले वर्ष कापडात गुंडाळून पडून राहतात, त्यामुळे अंगावर वापरलेल्या दागिन्यांत जी झीज दिसते ती यांत जवळजवळ नसते, मुलामा शाबूत असतो, आणि मूळची गाठवण बऱ्याचदा तशीच मिळते. शिवाय घरातल्या प्रत्येक सुनेने गौरीसाठी आपापल्या काळातले काही आणलेले असते, म्हणून एकाच डब्यात तळाशी रेशमी गोंड्याची चिंचपेटी, मध्ये तंगुसावरची मोहनमाळ आणि वर अमेरिकन डायमंडची चापाची नथ असा थरांचा क्रम लागतो. असा डबा उघडणाऱ्याने काही पुसण्याआधी, चिंचेचे पाणी किंवा पावडर लावण्याआधी, प्रत्येक दागिन्याची समोरून आणि मागून दोन छायाचित्रे घ्यावीत, तो कोणी, कोणत्या लग्नानंतर, कोणत्या बाजारातून आणला ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून त्या छायाचित्रामागे लिहावे, आणि तिने ‘हा माझ्या सासूबाईंचा’ म्हटले, तर त्या सासूबाईंचे माहेरही लिहून ठेवावे, कारण त्या गावाच्या बाजारातला पटवेकरी कोणती गाठ घालत असे, हे त्या दोरीत अजून असते.